कोकणातल्या घराला प्लायवूड: कुठे मरीन, कुठे कमर्शियल आणि कुठे प्लायच नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळ गावच्या जागेत नवं घर बांधून होत आलंय. भिंती जांभ्याच्या, वर स्लॅब, पुढे कौलारू पडवी. सुतारकाम घेतलेले मिस्त्री म्हणतात, "सगळीकडे मरीन प्लाय लावा, बाहेरच्या बाकापासून बाथरूमच्या दारापर्यंत, मग आयुष्यभर बघायला नको." शिवाय पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन कपाटं करायची आहेत. तिथेही मरीनच घ्यावं का? आणि गावचं फर्निचर गणपतीआधी पुरं व्हायला हवं.

आधी सरळ उत्तर देतो. गावच्या घरात आतल्या कामाला मरीन किंवा बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट, म्हणजे उकळत्या पाण्याला दाद न देणारं) घ्या. उघड्यावर, जिथे पावसाची झड आणि ऊन दोन्ही लागतं, तिथे कुठल्याच ग्रेडचं प्लायवूड लावू नका, मरीनसुद्धा नाही. बाथरूमच्या दारालाही नको. पुण्याच्या कपाटांना बीडब्ल्यूआर पुरे, मरीनचे पैसे तिथे वाया जातील. आणि गणपतीआधीचा हट्ट शक्य असेल तर सोडा.

आता कारणं सांगतो, कारण ती कळली की पुढच्या वेळी दुकानात तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले. प्रत्येक थराचे धागे खालच्या थराला काटकोनात असतात आणि थरांची एकूण संख्या विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहून शीट वाकत नाही. साधी फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. प्लायमध्ये एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो म्हणून लांबी-रुंदीत फारसा फरक पडत नाही. फुगायचं झालंच तर तो जाडीत फुगतो, आणि तेही कडेकडून. हे कडेचं लक्षात ठेवा, पुढे सारखं येणार आहे.

दुकानात जे कमर्शियल, वॉटरप्रूफ, मरीन म्हणतात ती प्रतवारी मुख्यतः डिंकाची आहे. कमर्शियल म्हणजे एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, नुसत्या ओलाव्याला टिकणारा) ग्रेड, युरिया फॉर्मल्डिहाइडने चिकटवलेलं. वॉटरप्रूफ म्हणून विकतात ते बहुतेक वेळा बीडब्ल्यूआर. हे दोन्ही आयएस ३०३ या भारतीय मानकात येतात. मरीन वेगळं, त्याचं मानक आयएस ७१०, आणि त्यात फिनॉल फॉर्मल्डिहाइड हे पाण्याला दाद न देणारं रेझिन वापरतात. चाचण्यांवरून फरक चटकन कळतो. एमआरचा तुकडा ६० अंशांच्या पाण्यात ३ तास ठेवून वाळवायचा, अशा तीन फेऱ्या. बीडब्ल्यूआरचा तुकडा ८ तास उकळायचा आणि १६ तास वाळवायचा, पुन्हा तीन फेऱ्या. मरीनचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात राहिला तरी थर सुटता कामा नयेत.

म्हणजे मरीनचा शिक्का तुम्हाला हे सांगतो की थर एकमेकांपासून सुटणार नाहीत. मरीनच्या मानकात लाकूड कुठल्या प्रतीचं हवं आणि त्याला कीडनाशक प्रक्रिया हवी अशाही अटी आहेत, त्यामुळे ते एकूणच चांगलं असतं. पण लाकूड ते लाकूडच. सतत ओलं राहिलं की त्याला बुरशी धरते, थर चिकटलेल्या अवस्थेतच आतून मऊ होतात. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजण्याला सुरुवात होते. आणि ऊन तर थेट लाकडाचे धागे बांधून ठेवणाऱ्या लिग्निनवर घाला घालतं. पृष्ठभाग आधी करडा पडतो, मग बारीक चिरा पडतात, त्या चिरांतून पाणी आत शिरतं. डिंकाची ताकद इथे काही कामाची नाही.

केरळच्या किनाऱ्यावर मरीन प्लायच्या मासेमारी होड्या चालतात. पाण्यात राहणारी वस्तू ती, पण तिच्याही सांध्यांवर फायबरग्लास आणि रेझिन चढवतात. नुसता प्लाय समुद्रात कुणी सोडत नाही. मग आपण पडवीतला बाक नुसत्या टचवूड पॉलिशच्या दोन हातांवर कसा सोडायचा?

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पागोळ्यांखालची भिंत, पडवीचा पुढचा दोन-तीन फुटांचा पट्टा, गॅलरीचा कठडा, या जागा त्या चार महिन्यांत वाळतच नाहीत. आणि पुढे मार्च-एप्रिलचं ऊन. बाकासाठी माझं मत विचाराल तर जांभ्याचा कट्टा बांधा, वर कडप्पा किंवा कोटा बसवा. लाकूडच हवं असेल तर जुनं सागवान किंवा आईन शोधा. कोकणात जुनी घरं उतरवताना चांगले वासे आणि फळ्या मिळतात. पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि दरवर्षी पावसाआधी तेल द्या. पडवीला आडोसा करायचा असेल तर सिमेंट बोर्ड किंवा बाहेरच्या वापराचं कॉम्पॅक्ट लॅमिनेट घ्या. नंतरचं महाग आहे, पण दहा वर्षांचा हिशेब केला तर परवडतं. पंपाच्या पेटीला प्लायचा विचारही नको. पत्र्याची, फायबरची किंवा सिमेंट शीटची पेटी करा.

तरीही एखाद्या ठिकाणी बाहेर प्लाय लावावाच लागला, समजा पडवीत आतल्या भिंतीला खुंट्यांचं पॅनल किंवा चपलांचं कपाट, तर जागा अशी निवडा की झड तिथवर येत नाही. मरीन घ्या. जमिनीपासून सहा इंच वर उचला. कापलेली प्रत्येक कड, भोकं आणि खाचा धरून, प्राइमर आणि ऑइल पेंटचे तीन हात देऊन बंद करा, आणि हे तुकडे जोडण्याआधी करा, नंतर नाही. खालच्या कडेला आतून थोडा उतार द्या म्हणजे थेंब टेकून राहत नाही. मागची, भिंतीकडची बाजू उघडी ठेवण्याची सवय बहुतेक ठिकाणी दिसते, आणि पाणी नेमकं तिथूनच जातं. तिलाही रंग हवाच. इतकं करूनही दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा हात द्यावा लागेल हे धरून चाला.

स्वयंपाकघराकडे येऊ. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक घरांत प्लाय पहिल्यांदा खराब होतो तो सिंकखाली. पाइपच्या जोडातून थेंब-थेंब गळत राहतं, कपाट बंद, आत हवा नाही, फरशी रोज पुसली जाते ते पाणी तळाच्या कडेला लागतं. आपल्याकडची जुनी पद्धत इथे सगळ्यात चांगली आहे. ओट्याखाली उभे आधार कडप्प्याचे, तळाला आणि मधल्या खणाला कडप्पाच, आणि पुढे फक्त झाकणं आणि ट्रॉल्या. दगडाला ओल लागली तर पुसून टाकली, संपलं. मॉड्युलर किचनच्या नादात लोक सिंकखालीही लाकडी बॉक्स करतात, ते टाळा. मिस्त्रींना सांगा की सिंकचा खण आणि गॅस सिलिंडरचा खण कडप्प्याचा किंवा पीव्हीसी बोर्डाचा, बाकीचे बॉक्स मरीनचे.

झाकणांना, म्हणजे शटरला, प्लायच पाहिजे असं नाही. एचडीएचएमआर नावाचा दाट बोर्ड मिळतो, त्याचा पृष्ठभाग सपाट असतो आणि पुण्यात तो छान चालतो. कोकणात मात्र मी प्लायच्या बाजूचा आहे, कारण त्या बोर्डाच्या कडेची पट्टी एकदा उघडली की फुगलेला भाग परत बसत नाही. साधं एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड तर रत्नागिरीत ओट्याच्या आसपास नकोच. पार्टिकल बोर्ड पाण्यात भिजलेल्या बिस्किटासारखा होतो, स्क्रू धरतच नाही.

ट्रॉलीचे रूळ, बिजागऱ्या, स्क्रू यांचा खर्च लोक शेवटी वाचवतात. खाऱ्या हवेत हे उलटं व्हायला हवं. मरीन प्लायला साध्या लोखंडी बिजागऱ्या लावल्या तर तीन-चार पावसाळ्यांत प्लाय ठणठणीत राहतो आणि दार लोंबकळतं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या आणि स्क्रू मागा. स्क्रू शक्यतो प्लायच्या पृष्ठभागात बसवा. कडेत मारलेला स्क्रू थरांच्या मधून जातो आणि पकड बरीच कमी होते.

सनमायका दोन्ही बाजूंना लागला पाहिजे. बाहेरून एक मिलिमीटरचा आणि आतून नुसता रंग, असं केलं की पावसाळ्यात आतली बाजू ओलावा घेते, बाहेरची घेत नाही, आणि दार धनुष्यासारखं वाकतं. आतून स्वस्तातला ०.८ मिलिमीटरचा पांढरा लायनर पुरतो. चिकटवताना पाण्याला टिकणारा फेविकॉल वापरायला सांगा. ७२ तास उकळत्या पाण्यात टिकणारं प्लायवूड आणून त्यावर साध्या पांढऱ्या डिंकाने मायका लावला तर ओट्याजवळ मायकाच आधी सुटेल. कडांना मशीनने लावलेली पीव्हीसी पट्टी हाताने लावलेल्या पट्टीपेक्षा जास्त टिकते. रत्नागिरीत आता एज बँडिंगची मशीन असलेले लोक आहेत, एकदा चौकशी करा.

बाथरूमच्या दाराबद्दल मिस्त्रींशी मी सहमत नाही. खालची कड रोज भिजते, आणि दारं बसवताना ती कड तासून कमी करतात, मग ती तशीच उघडी राहते. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) किंवा पीव्हीसीचं दार घ्या आणि चौकट ग्रॅनाइटची करा. हे आता गावातही सहज होतं. लाकडी दिसणंच हवं असेल तर आयएस २२०२ चं फ्लश डोअर, पाण्याला टिकणाऱ्या डिंकाचं, आणि खालच्या सहा इंचांना आतून ॲल्युमिनियमचा पत्रा. पण त्यातही बसवण्याआधी खालची-वरची कड रंगवली का, हे स्वतः उभं राहून बघा. दार बिजागरीवर चढल्यावर खालच्या कडेला ब्रश जात नाही.

आतली कपाटं. जांभा सच्छिद्र असतो, बाहेरून गिलावा नीट नसेल तर ओल आत येते आणि भिंतीला लोणा धरतो. अशा भिंतीला चिकटवून केलेल्या कपाटाची मागची पाटी पहिल्याच पावसाळ्यात काळी पडते, मग ती मरीनची का असेना. म्हणून बाहेरच्या भिंतीला कपाट लावू नका, आतल्या भिंतीला लावा. नाइलाज असेल तर भिंत आणि कपाट यांत इंचभर पोकळी ठेवा, मागे वॉटरप्रूफिंगचा हात द्या, आणि कपाटाच्या तळाशी व माथ्याला हवा जायला जाळी ठेवा. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीलाही हेच लागू. कपाट फरशीवर टेकवू नका. चार इंचांचा पाया दगडाचा किंवा प्लास्टिकच्या पायांचा करा.

कपाटाच्या उंच दारांना प्लायपेक्षा ब्लॉकबोर्ड बरा. आतमध्ये लाकडी पट्ट्या उभ्या असतात, त्यामुळे सात फुटांचं दार सरळ राहतं आणि वजनाला हलकं असतं. त्याचं मानक आयएस १६५९, आणि त्यातही डिंकाप्रमाणे ग्रेड आहेत. कोकणात उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या डिंकाचा घ्या. फक्त पट्ट्या दाराच्या उंचीच्या दिशेने आल्या पाहिजेत. शीट वाचवायला आडवी कापली तर ब्लॉकबोर्ड घेण्याचा उद्देशच संपला.

फळ्यांच्या लांबीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. पुस्तकांसाठी १८ मिलिमीटरची फळी अडीच फुटांपेक्षा लांब ठेवू नका. दर फुटाला वजन तेवढंच ठेवून लांबी दुप्पट केली तर फळीचा झोल दुप्पट होत नाही, सोळापट होतो. उलट जाडी १२ वरून १८ मिलिमीटर केली की ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो. वरच्या थराचे धागे फळीच्या लांबीच्या दिशेने हवेत. कपड्यांच्या खणाला तीन फूट चालतात.

वाळवी हा स्वतंत्र विषय आहे आणि कोकणात तो डिंकाच्या ग्रेडइतकाच महत्त्वाचा. वाळवीला पाण्यात टिकणाऱ्या रेझिनशी देणंघेणं नाही, तिला लाकूड खायचंय. तिला थांबवते ती कारखान्यात लाकडाला दिलेली कीडनाशक प्रक्रिया आणि त्याहून जास्त घराच्या पायाला दिलेली. बांधकाम चालू असतानाच पाया, जोते आणि फरशीखालच्या मातीला वाळवीरोधक उपचार करायचे असतात, त्याची पद्धत आयएस ६३१३ मध्ये दिलेली आहे. तुमची फरशी अजून बसली नसेल तर ही शेवटची संधी आहे, सोडू नका. बसली असेल तर भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडणारे लोक मिळतात. पुढे दर पावसाळ्यानंतर कपाटांच्या मागे टॉर्च मारून मातीच्या रेघा दिसतात का बघत जा. भुंग्याचा प्रकार निराळा असतो. प्लायखाली पिठासारखी बारीक भुकटी पडते, तो किडा लाकडातल्या पिष्टावर जगतो आणि कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या लाकडाबरोबर घरात येतो. तशी भुकटी दिसली तर दुकानदाराकडे शीट बदलून मागा, पण त्यासाठी बिल लागेल. त्याबद्दल पुढे सांगतो.

पुण्याच्या फ्लॅटचं सोपं आहे. चौथा मजला, वाळवीचा धोका कमी, पावसाळा सोडला तर हवा कोरडी. कपाटांचे बॉक्स बीडब्ल्यूआरचे करा. पलंगाची पेटी, टीव्ही युनिट, बैठकीतलं पॅनल यांना चांगल्या कंपनीचं एमआर चालतं. फक्त माळ्यावरचं कपाट वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली येत असेल तर तिथे एमआर नको. मरीनची किंमत कमर्शियलच्या साधारण दीडपट ते दुप्पट पडते. तो फरक बिजागऱ्यांत आणि एज बँडिंगमध्ये घातला तर कपाट जास्त वर्षं टिकेल.

लहान मुलांच्या खोलीसाठी एक गोष्ट बघा. एमआरच्या युरिया रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. फिनॉल रेझिनमधून तो फार कमी येतो. म्हणून मुलांच्या खोलीत मी फिनॉल रेझिनचं बीडब्ल्यूआरच सुचवतो, किंवा ई-वन, ई-झीरो (हा वायू कमी सोडणारा) असं लिहिलेला माल. काम झाल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा आणि मगच मुलांना तिथे झोपवा. नव्या फर्निचरचा डोळे चुरचुरणारा वास लोक "नव्याचा वास" म्हणून सोडून देतात, तसं करू नका.

आता खरेदी. पृष्ठभागाचा लाल रंग बघून मरीन ओळखायचे दिवस गेले. पूर्वी वरचा पापुद्रा आणि कधी आतलेही थर ब्रह्मदेशातून येणाऱ्या गर्जन लाकडाचे असत. ब्रह्मदेशाने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. आज उत्तरेत, विशेषतः हरियाणातल्या यमुनानगरकडे, शेतात लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीपासून प्लाय बनतो, आणि केरळमधल्या पेरुंबवूरकडून रबराच्या लाकडाचा येतो. हे वाईट नाही. शेतात वाढवलेलं लाकूड वापरलं जातंय हे तर चांगलंच. पण वरचा पापुद्रा लाल रंगवून गर्जन म्हणून विकला जातो, हे माहीत असू द्या. आतल्या डिंकाची रेघही पूर्ण भरवशाची नाही. फिनॉलची रेघ गडद तपकिरी दिसते हे खरं, पण डिंकात रंग मिसळता येतो, आणि मेलामाइन मिसळलेल्या चांगल्या डिंकाची रेघ फिकी असते.

म्हणून शिक्का वाचा. प्रत्येक शीटवर आयएसआय मार्क, मानकाचा क्रमांक, ग्रेड, जाडी आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला हवा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर घातला की परवाना कुणाचा, कुठल्या मालासाठी आणि चालू आहे का, ते तिथल्या तिथे दिसतं. "७१० ग्रेड", "मरीन दर्जा", "आयएस ७१० प्रमाणे" असं नुसतं लिहिलं असेल आणि परवाना क्रमांक नसेल, तर ते कागदावरचे शब्द आहेत.

मग शीट आडवी ठेवून कड बघा. थर सलग दिसतात का, मध्ये पोकळ्या आहेत का, दोन पापुद्रे एकमेकांवर चढलेत का. पृष्ठभागावर नाण्याने ठोकत जा. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बद्द येतो. चारही कोपऱ्यांत व्हर्नियरने जाडी मोजा. १८ म्हणून १६ मिलिमीटरचा माल सर्रास येतो, आणि त्याचे पैसे तुम्ही १८ चे देता. वजनही सांगतं. आठ बाय चारची, १८ मिलिमीटरची चांगली मरीन शीट साधारण ३५ ते ४० किलो भरते, पॉप्लरची कमर्शियल तीसच्या आसपास. दोन टोकं तिरपी मोजून कर्ण सारखे आहेत का तेही बघा.

मोठी खरेदी असेल तर दुकानातून दोन इंची तुकडा मागून आणा आणि उकळा. घराबाहेर चुलीवर, पुन्हा स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात. आठ तास उकळून वाळवल्यावर थरांमध्ये पटाशीचं टोक सहज शिरलं तर तो मरीन नाही. एमआरचा तुकडा बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन तासांतच पानं उघडतो. चांगला दुकानदार असा तुकडा द्यायला नाही म्हणत नाही.

बिलावर कंपनी, ग्रेड, मानकाचा क्रमांक, जाडी आणि शीटची संख्या लिहून घ्या. "प्लाय – इतके चौरस फूट" एवढंच लिहिलेलं बिल तक्रारीच्या वेळी उपयोगाचं नसतं. गॅरंटी कार्डही तिथेच वाचा. बहुतेक ठिकाणी फक्त शीट बदलून मिळते, मायका, मजुरी, बिजागऱ्या तुमच्या माथी. आणि मिस्त्रींना चोख मजुरी द्या, साहित्य स्वतः घ्या. अनेक ठिकाणी मालावर कमिशनची प्रथा आहे. मजुरी नीट मिळाली की मिस्त्रीही मोकळेपणाने सांगतात कुठे महाग माल लावायची गरज नाही.

सेंटरिंगच्या उरलेल्या प्लायबद्दलही बरेच जण विचारतात. स्लॅबला वापरलेला, वर काळा-तपकिरी चकचकीत थर असलेला प्लाय आयएस ४९९० चा असतो आणि डिंक चांगला असतो. पण त्याला तेल लागलेलं असतं, खिळ्यांची भोकं असतात, त्यावर मायका धरत नाही. गोठ्यात, लाकडं ठेवायच्या शेडमध्ये, पोटमाळ्यावर तात्पुरत्या फळ्या म्हणून वापरा. घरातल्या फर्निचरला नको.

आता गणपतीचं. पावसाळ्यात रत्नागिरीत सुतारकाम केलं की प्लाय हवेतला ओलावा पिऊन बसतो, मग त्यावर दोन्ही बाजूंनी मायका लावून तो ओलावा आत कोंडला जातो. डिसेंबरमध्ये हवा कोरडी झाली की दारं वाकतात, फटी पडतात. त्यात तुमचा गिलावा नवा आहे. भिंतींना एक पूर्ण उन्हाळा मिळाला नसेल तर त्या अजून पाणी सोडतायत. दसरा-दिवाळीनंतर काम सुरू करा. गणपतीला फक्त देवघर आणि ओट्याखालचा कडप्पा एवढं पुरं करा, पाहुण्यांना कपाटांवाचून काही अडत नाही. अगदीच करायचं असेल तर बॉक्स पुण्यात मशीनवर कापून, कडा बंद करून आणा आणि गावात फक्त जोडा. शीट गावात आल्या तर भिंतीला टेकवून उभ्या करू नका. फरशीवर तीन-चार सारख्या उंचीच्या पट्ट्या टाकून आडव्या रचा, वर ताडपत्री सैल टाका, आणि कापण्याआधी आठवडाभर त्या खोलीत राहू द्या.

शेवटी किती शीट लागतील ते. पुण्याचं एकेक कपाट सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल हवंय, म्हणून हिशेब एका कपाटाचा देतो. दोन बाजू आणि मधलं उभं मिळून दीड शीट, माथा आणि तळ मिळून एक, तीन फुटांचे सहा खण दीड शीटमध्ये. म्हणजे १८ मिलिमीटरच्या चार शीट. खोली बरोबर दोन फूट धरू नका, पावणेचोवीस इंच धरा, करवतीच्या पात्याची जाडी जाते म्हणून. दीड फुटांच्या चार दारांना १९ मिलिमीटर ब्लॉकबोर्डच्या दोन शीट, आणि मागच्या पाटीला ६ मिलिमीटरच्या दोन. याहून जास्त मागितल्या तर मिस्त्रींना कटिंगचा नकाशा कागदावर काढायला सांगा. दारांना कापून उरलेल्या फूटभर रुंदीच्या पट्ट्या ड्रॉवरच्या दर्शनी पट्टीला लागतील, त्या टाकून देऊ नका.